जांघेतली खाज, मेडिकलमधली ट्यूब आणि वडिलांच्या चिरा

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वय २६, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी. पावसाळ्यापासून जांघेत गोल चट्टे आणि खाज. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत आराम, बंद केली की दुप्पट खाज. आता अंडकोषाच्या पिशवीवर आग होते. त्यातच लिंगाच्या टोकाशी बारीक पांढरट दाण्यांची रांग दिसली. वर्षभरापूर्वी एकदा कंडोमशिवाय संबंध आला होता, तेव्हा हा गुप्तरोग आहे का, आणि दाखवायचं कोणाकडे? आणि जाता जाता, गावी वडिलांना डायबेटिस आहे. त्यांच्या पुढच्या कातडीला चिरा पडतात, हे आईकडून कळलं. ते स्वतः काही बोलत नाहीत.

सगळ्यात आधी त्या दाण्यांबद्दल, कारण तुमची झोप त्यांनीच उडवलेली दिसते. लिंगाच्या टोकाचा गोल भाग, म्हणजे बोंड, त्याच्या मागच्या कडेने एका ओळीत, सारख्याच आकाराचे, एकदोन मिलिमीटरचे, मऊ, मोत्याच्या रंगाचे दाणे असतील. खाजत नसतील, दुखत नसतील, महिनोन् महिने तसेच असतील, तर तो आजार नाही. पुष्कळ पुरुषांना ते वयात येताना उगवतात आणि वय वाढेल तसे पुसट होतात. ते कोणाकडून लागत नाहीत, कोणाला देता येत नाहीत. त्यांच्यावर उपचार करायचा नसतो. ते चामखीळ समजून ॲसिड लावलेली, घरी ब्लेडने खरवडलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. दाणे होते तिथेच राहिले, वर जखम झाली. लिंगाच्या दांड्यावर किंवा कातडीच्या आतल्या बाजूला पिवळसर ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी. उतारवयात अंडकोषाच्या पिशवीवर जांभळे-काळे टिपके येतात, त्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. हे सगळं शरीराचंच आहे. फक्त दाणे ओळीत नसून विखुरलेले असतील, लहान-मोठे असतील, फुलकोबीसारखा खरखरीत पृष्ठभाग असेल किंवा वाढत असतील, तर मात्र दाखवायला हवेत. ते मस, म्हणजे संसर्गाने येणारे चामखीळ, असू शकतात.

आता जांघेकडे येऊ. तुम्ही जे वर्णन केलंय, कडेने लाल, उंच, पापुद्रे सुटलेली आणि मधे साफ होत जाणारी वर्तुळं, ते नायट्याचं, म्हणजे गजकर्णाचं आहे. ही बुरशी कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरावर जगते. डोंगरावर गवताला लागलेला वणवा जसा मधे काळं मैदान सोडून कडेकडेने पुढे सरकतो, तशी ती पसरते. म्हणून औषध मधे नाही, कडेवर आणि कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं असतं. हा लैंगिक संबंधानेच होणारा आजार नव्हे. घामाने, ओल्या चड्डीने, दुसऱ्याच्या टॉवेलने, कपडे एकत्र धुतल्याने आणि बऱ्याचदा स्वतःच्याच पायाच्या बोटांमधून तो जांघेत येतो.

पण तुमचं खरं दुखणं आता नायट्याचं उरलेलं नाही, ट्यूबचं झालंय. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, तरी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव सापडलं, तर ते स्टेरॉइड आहे. मेडिकलमध्ये खाजेसाठी म्हणून मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. खाज ही बुरशी स्वतः निर्माण करत नाही. बुरशीशी लढताना आपलंच शरीर जी सूज आणतं, त्यातून ती येते. स्टेरॉइड ही लढाई थांबवतं. लालसरपणा जातो, खाज जाते, माणसाला वाटतं बरं झालं. बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. ट्यूब बंद केली की शरीर पुन्हा जागं होतं, तोपर्यंत बुरशी दुप्पट जागेत पसरलेली असते, म्हणून खाजही दुप्पट. मग पुन्हा ट्यूब. या फेऱ्यात अडकलेले लोक मी रोज पाहते आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांनी काहीही बेजबाबदारपणा केलेला नसतो. लाज वाटली, डॉक्टरांची फी परवडणार नाही असं वाटलं आणि काउंटरवरच्या माणसाने हातात दिलं ते लावलं, एवढंच.

ही क्रीम्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम आहे; २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, स्पष्टपणे घातली. तशी सूचना ट्यूबवर छापलेलीही असते. तरी ती मिळतात. त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना अनेक वर्षं याविरुद्ध आवाज उठवते आहे.

त्या जागी हे जास्त घातक का, तेही समजून घ्या. अंडकोषावरची कातडी अतिशय पातळ असते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून किती शोषलं जातं ते मोजलं गेलं. हाताच्या पुढच्या भागावर जेवढं शोषलं गेलं, त्याच्या ४२ पट अंडकोषावर. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड. क्लोबेटासॉल सगळ्यात तीव्र गटातलं. जांघेत कातडी कातडीला चिकटलेली असल्याने औषध आणखी मुरतं. काही आठवड्यांतच कातडी कागदासारखी पातळ होऊ शकते आणि जांघेत ताणाच्या रुंद रेषा पडतात, गरोदरपणी पोटावर पडतात तशाच. त्या पुसट होतात, पण पूर्ण जात नाहीत. अंडकोषाची जी आग तुम्ही लिहिली आहे, लालसरपणा, ऊन पाणी लागलं की चटका, पँट घासली की असह्य होणं, ती बुरशीची नसून बहुधा स्टेरॉइडच्या सवयीची आहे. साधारणपणे नायटा अंडकोष सोडून देतो. तो अंडकोषावर आणि लिंगावर पसरलेला दिसला की मी पहिल्यांदा विचारते, कोणती ट्यूब लावलीत?

याला आणखी एक पदर आहे. गेल्या दहाएक वर्षांत आपल्याकडचा नायटाच बदलला. पूर्वी एक साधं क्रीम किंवा टर्बिनाफिनच्या गोळ्या दोन-तीन आठवडे घेतल्या की माणूस बरा व्हायचा. आता भारतात जी बुरशी सर्वाधिक सापडते, तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. तिच्या एका जनुकात बदल झाल्यामुळे पुष्कळ रुग्णांमध्ये टर्बिनाफिनचा नेहमीचा डोस चालत नाही. ती आता इतर देशांतही पोचली आहे. त्यामुळे मित्राला ज्या गोळीने बरं वाटलं, ती तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

उपचाराचा क्रम मी कसा ठेवते, ते सांगते. चट्ट्याच्या कडेवरचे पापुद्रे खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे धागे दिसतात. तपासणी स्वस्त आहे, त्याच दिवशी उत्तर मिळतं आणि नायटा आहे की आणखी काही, हा वाद मिटतो. स्टेरॉइडची ट्यूब त्याच दिवशी बंद. बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज आणि आग वाढते, हे आधीच सांगून ठेवते. ते माहीत नसलं की माणूस चौथ्या रात्री पुन्हा जुनी ट्यूब शोधतो. त्या दिवसांत रात्री खाजेची गोळी, दिवसातून दोन-तीनदा गार पाण्याची घडी आणि साधं सुगंध नसलेलं मलम. सोबत फक्त बुरशीवरचं क्रीम, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही, जसं ल्युलिकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोल. पसरलेल्या, महिनोन् महिने चाललेल्या नायट्याला क्रीम पुरत नाही. पोटातून औषध लागतं आणि सध्या ते बहुधा इट्राकोनाझोल असतं.

इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलबद्दल दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही. ती भरल्या पोटी, जेवणानंतर लगेच घ्यावी लागते. आणि पित्ताची गोळी रोज घेत असाल तर ती नीट शोषली जात नाही, कारण तिला पोटातलं ॲसिड हवं असतं. ज्यांना हार्ट फेल्युअर आहे त्यांना ती देत नाहीत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ती चालत नाही. लांबलेल्या कोर्समध्ये लिव्हरची तपासणी करावी लागते. म्हणून ही गोळी स्वतःहून आणून खाऊ नका. किती दिवस? चार ते आठ आठवडे, कधी जास्त. खाज त्याच्या बरीच आधी थांबते आणि नेमकं तिथेच लोक औषध सोडतात. चट्टा पूर्ण गेला, बोट फिरवल्यावर कड लागत नाही, त्यानंतरही दोन आठवडे क्रीम चालू ठेवायचं. काळा डाग उरतो, तो आजार नसतो. तो महिनोन् महिने हळूहळू फिका होतो.

गोळ्यांइतकंच कपड्यांकडे लक्ष द्यावं लागतं. पेठेतल्या एका खोलीत चार-पाच कॉट, एकच दोरी, जून ते सप्टेंबर न वाळणारे कपडे, सगळ्यांचे मिळून एकाच बादलीत किंवा मशीनमध्ये. बुरशीला याहून सोयीचं घर नाही. तुमची चड्डी, टॉवेल, चादर वेगळी धुवा. शक्य असेल तर साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून. ऊन नसेल तेव्हा चड्डी उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवा, विशेषतः जांघेच्या शिवणीवर. दमट चड्डी अंगावर वाळेल, या विचाराने घालू नका. अभ्यासिकेत दहा-बारा तास जीन्स घालून बसण्यापेक्षा सैल सुती पँट घाला. दुचाकीवर रेनकोटची पँट घालून भिजत आलात तर आधी पुसून कोरडे व्हा. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या असतील तर त्यांच्यावरही क्रीम लावा, आणि पायांवरची बुरशी जांघेत जाऊ नये म्हणून मोजे आधी घाला, चड्डी नंतर. खोलीत दुसऱ्या कोणाला चट्टे असतील तर दोघांनीही उपचार घ्यायला हवेत. हे बोलायला अवघड वाटतं, मला कळतं. पण एक जण बोलला की तिघं आपले चट्टे दाखवतात, असंच मी पाहिलंय.

डेटॉल पाण्यात टाकून धुणं, लिंबू चोळणं, तुरटी, लसूण वाटून लावणं, बिब्बा, हे सगळं थांबवा. लसणाने आणि बिब्ब्याने भाजलेल्या जांघा मी पाहिल्या आहेत. त्या बऱ्या व्हायला नायट्यापेक्षा जास्त त्रास होतो. साध्या पाण्याने दिवसातून एकदा-दोनदा धुणं आणि टिपून कोरडं करणं पुरतं. केस मुळापासून वस्तऱ्याने काढू नका, त्या बारीक जखमांतून मस आणि मोलस्कम (विषाणूमुळे येणारे बारीक दाणे), हे दोन्ही पसरतात. वाढलेले केस कात्रीने आखूड करा.

तुमच्यासारख्या खोल्यांमध्ये नायट्याच्या जोडीने खरूज असते आणि ती हुकते. रात्री अंथरुणावर पडल्यावर खाज वाढते का? हाताच्या बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आहे का? आणि लिंगावर किंवा अंडकोषावर खाजणाऱ्या टणक लाल गाठी? प्रौढ पुरुषाच्या लिंगावरच्या खाजऱ्या गाठी दिसल्या की मला पहिली शंका खरजेची येते. तिला बुरशीचं कोणतंच औषध लागू पडत नाही. ५ टक्के परमेथ्रिनचं क्रीम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली आणि गुप्तांगांवरही लावून सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. खरजेचे किडे मेल्यावरही त्या गाठी काही आठवडे राहतात. औषध फसलं असं समजून पुन्हा पुन्हा लावत बसू नका.

आता गुप्तरोगाचा प्रश्न. जांघेतली वर्तुळं गुप्तरोगाची नाहीत आणि ते दाणेही नाहीत. लैंगिक संसर्गाची चिन्हं निराळी असतात. लिंगावर एकच, न दुखणारी, कडेने टणक जखम आली आणि महिन्याभरात आपोआप भरली, तर सिफिलिसचा विचार करावा लागतो. न दुखणं हेच तिचं फसवं रूप. जखम भरते, आजार आत राहतो. तळहात-तळपायावर न खाजणारे तांबूस डाग आले तर तो त्याच आजाराचा पुढचा टप्पा असू शकतो. बारीक पाण्याच्या फोडांचा झुबका, आधी मुंग्या आणि आग, मग दुखऱ्या जखमा आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच भागात, हे हर्पिसचं वागणं. असायक्लोविरच्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केल्या तर त्रास खूप कमी होतो. विषाणू शरीरात राहतो, पण बहुतेकांमध्ये झटके कमी होत जातात. लघवीच्या वाटेतून पू येणं हा वेगळाच आजार आणि त्याचे उपचारही सोपे आहेत. सिफिलिस तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो.

वर्षभरापूर्वीच्या त्या संबंधासाठी एकदा एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) आणि हेपॅटायटिस बी या रक्ततपासण्या करून घ्या. चट्ट्यांमुळे म्हणत नाही; कंडोमशिवाय संबंध आलेल्या कोणालाही मी हेच सांगते. इतका काळ उलटल्यावर नकारात्मक आलेला अहवाल त्या प्रसंगापुरता निश्चित मानता येतो. दर महिन्याला पुन्हा पुन्हा करून मनाला त्रास देऊ नका. पुढे कधी असा प्रसंग आलाच तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोचा. एचआयव्ही टाळणारी औषधं सुरू करता येतात, जितकी लवकर तितकी चांगली. सरकारी केंद्रात एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं. तुमच्या संमतीशिवाय ती तपासणी करता येत नाही आणि तुमचा अहवाल इतरांना सांगता येत नाही, हे एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्यातच आहे.

मस हे एचपीव्ही या विषाणूचे, बहुतेकदा त्याच्या ६ आणि ११ या प्रकारांचे. गोठवून, जाळून किंवा इमिक्विमॉडसारख्या मलमाने ते काढता येतात. पहिल्या काही महिन्यांत ते पुष्कळदा परत येतात, म्हणून धीर लागतो. या प्रकारांवर लस आहे. आपल्याच पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. ती फक्त मुलींची, असा समज आहे. मुलग्यांनाही तिचा उपयोग होतो. वय २६ म्हणजे तुम्ही त्या वयोगटाच्या टोकाशी आहात, तेव्हा भेटाल त्या डॉक्टरांना आवर्जून विचारा.

मधेच एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून घरं मोडायची वेळ आलेली मी पाहिली आहे. बोंडावर अचानक गोल, लाल-जांभळा डाग उठतो, कधी फोड येऊन सालटं निघतं, बरं झाल्यावर काळा डाग उरतो आणि काही महिन्यांनी हुबेहूब त्याच जागी पुन्हा. नवरा-बायको एकमेकांवर संशय घेतात. प्रत्यक्षात ती गोळीची ॲलर्जी असते. जुलाबाला घेतलेली नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची गोळी, अंगदुखीची गोळी, कोट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन. शरीर ती लक्षात ठेवतं आणि दरवेळी त्याच ठिकाणी, काही तासांत प्रतिक्रिया देतं. ओठ आणि बोंड या तिच्या आवडत्या जागा. गोळी शोधून काढली, तिचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवलं, की प्रश्न संपतो. म्हणून डाग येण्याच्या आदल्या दिवशी कोणती गोळी खाल्ली होती, ते आठवून या. तापानंतर अंडकोषावर किंवा लिंगावर दुखऱ्या जखमा आल्या तर चिकुनगुनियाही आठवा. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात तो पुष्कळ होता, आणि सांधे धरलेल्या काही पुरुषांना अशा जखमा होतात.

आता वडील. तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केलाय, पण दोघांपैकी आधी कोणाला तपासायचं म्हटलं तर मी त्यांना बोलावेन.

डायबेटिस असलेल्या पुरुषाच्या पुढच्या कातडीला उभ्या बारीक चिरा पडतात, बोंड लाल होतं, पांढरा दह्यासारखा थर जमतो, लघवी लागली की झोंबतं. बहुतेकदा ही कॅन्डिडा नावाची वेगळी बुरशी असते. साखर वाढली की ती वाढते. कितीतरी पुरुषांचा डायबेटिस या चिरांवरूनच पहिल्यांदा सापडतो, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो आटोक्यात नसल्याचा हा इशारा असू शकतो. तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीए१सीची तपासणी करून घ्या. मग गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन हे नाव आहे का पाहा. या चांगल्या गोळ्या आहेत, हृदयाला आणि किडनीला त्यांचा फायदा होतो. पण त्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि ती गोड लघवी कातडीखाली राहिली की बुरशीला खाद्य मिळतं. भारतात २०२० नंतर डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाली, तिचा वापर खूप वाढला आणि अशा चिरा घेऊन येणारे मधल्या वयाचे पुरुषही वाढले. गोळी परस्पर बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना सांगा. पुष्कळदा गोळी चालू ठेवूनही काम भागतं: प्रत्येक लघवीनंतर साध्या पाण्याने धुवून टिपणं, क्लोट्रिमाझोलचं क्रीम दोन आठवडे, जोडीला फ्लुकोनाझोलची गोळी. आईला खाज किंवा पांढरं जात असेल तर त्यांनाही उपचार हवेत. वारंवार होत राहिलं तर गोळी बदलायचा निर्णय डॉक्टर घेतील.

चिरा पडून भरल्या, पुन्हा पडल्या, की कातडी आवळत जाते आणि मागे सरकेनाशी होते. जोर लावून मागे ओढू नये. मागे ओढलेली कातडी पुढे येईनाशी झाली आणि बोंड सुजू लागलं, तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचं, रक्तपुरवठा अडतो. कातडी पांढरी, चकचकीत, चिवट झाली असेल, लघवीची धार बारीक झाली असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असू शकतो. याला बुरशीची औषधं चालत नाहीत. याला क्लोबेटासॉलच लागतं, तेच जे तुमच्या जांघेत मी बंद करायला सांगितलं. निदान झाल्यावर, ठरावीक जागेवर, ठरावीक आठवडे आणि दर भेटीत पाहून ते दिलं, तर कातडी मऊ होते आणि कित्येकांची शस्त्रक्रिया टळते. एकच औषध एकाचं नुकसान करतं आणि दुसऱ्याला वाचवतं, म्हणून पाहिल्याशिवाय मी कोणाला फोनवर मलम सांगत नाही. औषधाने सुटलं नाही तर सुंता हा चांगला, कायमचा उपाय आहे. ती वैद्यकीय गरज म्हणून केली जाते, धर्माशी तिचा संबंध नाही, हे मला ग्रामीण भागातून आलेल्या ज्येष्ठांना शांतपणे सांगावं लागतं आणि ते समजून घेतात.

दोन बाबतींत एक दिवसही थांबू नका. डायबेटिस असलेल्या माणसाला अंडकोष किंवा मागच्या भागात अचानक तीव्र वेदना, सूज, ताप, कातडी काळी-निळी पडणं, घाण वास येणं, असं झालं तर तो तिथल्या उतीचा झपाट्याने पसरणारा गँगरीन असू शकतो. काही तासांत शस्त्रक्रिया लागते. आणि बोंडावर किंवा कातडीखाली चार आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, मखमली लाल चट्टा, सहज रक्त येणारा भाग असेल, तर बायोप्सी. लिंगाचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण आवळलेली कातडी, साचलेला मळ, तंबाखू आणि एचपीव्ही यांच्या जोडीने तो होतो, आणि आपल्याकडे लाजेपायी उशिरा येतो. लवकर आलेल्या माणसाचं लिंग बहुतेक वेळा वाचवता येतं.

सोरायसिस, लायकेन प्लॅनस, कोड हेही या भागात येतात. तिथला सोरायसिस खवल्यांचा नसतो, गुळगुळीत लाल असतो, म्हणून नायट्यासारखा दिसतो. टाळू, कोपर, नखं पाहिली की उलगडा होतो. आणि खाजवायची सवयच आजार बनते, तेही असतं: अंडकोषाची कातडी हत्तीच्या पाठीसारखी जाड, परीक्षेच्या आठवड्यात जास्त. त्याला औषध आहे, आणि ते देताना झोपेची नि ताणाची चौकशीही मी करते.

तुम्ही विचारलंत, कोणाकडे जायचं? त्वचारोगतज्ज्ञाकडे. आमच्या पदवीत लैंगिक आजार हा त्वचारोगाचाच भाग असतो, वेगळा 'गुप्तरोग स्पेशालिस्ट' शोधायची गरज नाही; भिंतींवर जाहिरात रंगवणाऱ्यांकडे तर मुळीच जाऊ नका. पैशांची अडचण असेल तर ससून रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा, सकाळी लवकर. केसपेपरवर 'त्वचा' एवढंच सांगायचं, कारण कोणी विचारत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, १०९७ या क्रमांकावर त्यांची माहिती मिळते. मी स्त्री आहे म्हणून पहिल्या भेटीत पुरुष अवघडतात. कोणाला पुरुष डॉक्टर हवे असतील तर तसं स्पष्ट सांगावं, आम्हाला त्यात काही वाटत नाही. शरीराची ती जागा आमच्यासाठी कोपरासारखीच तपासायची जागा असते.

येताना दोन दिवस चट्ट्यांवर काहीही लावू नका, नाहीतर खरवडलेल्या नमुन्यात बुरशी दिसणार नाही. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा. फोटो नको, प्रत्यक्ष पाहायला हवं. आणि वडिलांना येत्या रविवारच्या एसटीने बोलावून घ्या. त्यांना 'साखर तपासायला' म्हणून आणलं तरी चालेल, बाकीचं मी किंवा तुमचे डॉक्टर दार बंद करून त्यांच्याशी एकट्याने बोलू. त्या वेळी तुम्ही बाहेर बसा.